फिल्म फेस्टिव्हलमध्ये नवे भयपट आणि शॉर्टफिल्म कशा पाहायच्या? भोर-वेल्ह्यातल्या प्रेक्षकासाठी ए टू झेड माहिती

भोरचा राजवाडा, पावसात धुक्यात बुडालेला वरंध घाट, मढे घाटातली संध्याकाळ, उन्हाळ्यात भाटघर धरणाचं पाणी आटलं की वर येणारं कांबरेश्वराचं मंदिर. भयपट बनवणाऱ्याला सेट लावायची गरज पडू नये, अशा या जागा. राजवाड्यात तर हिंदी-मराठी सिनेमे आणि मालिकांचं शूटिंग वर्षानुवर्षं चालू आहे. त्यामुळे भोरच्या माणसाला कॅमेरा, जनरेटर आणि व्हॅनिटी व्हॅनचं कौतुक राहिलेलं नाही.

पण नवा भयपट पाहायची वेळ आली की हाच माणूस रांगेत सगळ्यात शेवटी असतो. सिनेमा आधी कुठल्यातरी फेस्टिव्हलमध्ये दाखवला जातो, मग मोठ्या शहरांतल्या मल्टिप्लेक्समध्ये लागतो, मग ओटीटीवर येतो. तोपर्यंत रील्समधून शेवट कळलेला असतो. आणि शेवट कळलेला भयपट म्हणजे थंड झालेला चहा.

यावर उपाय आहे, तो म्हणजे फेस्टिव्हललाच जाऊन सिनेमा पाहणं. पुणे पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. पण पास कसा मिळतो, भयपट कुठल्या विभागात शोधायचा, शॉर्टफिल्म का पाहायच्या, फोनवर काय टाकायचं आणि काय नाही, हे माहीत नसल्यामुळे बरेच जण तिकडे फिरकत नाहीत. तर हे सगळं एकेक करून पाहू.

फेस्टिव्हल आणि भयपट, यांचा काय संबंध?

फिल्म फेस्टिव्हल म्हटलं की झोळीवाले प्रेक्षक आणि संथ सिनेमे, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. भयपट तिथं कशाला असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात जगातल्या गाजलेल्या कितीतरी भयपटांचा जन्म फेस्टिव्हलमध्येच झालाय.

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' हा अगदी कमी पैशांत बनलेला सिनेमा जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला मध्यरात्रीच्या खेळात दाखवला गेला. तिथं तो विकला गेला आणि पुढे जगभर चालला. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्क्रीमफेस्टमध्ये दाखवला गेला. सगळीकडे रिलीज व्हायला त्याला २००९ उजाडलं. 'सॉ', 'द बाबाडूक', 'हेरेडिटरी' हेही सनडान्समधूनच पुढे आले.

कारण साधं आहे. भयपटात बऱ्याचदा मोठा स्टार नसतो, बजेट कमी असतं आणि पोस्टरवर दाखवण्यासारखं फार काही नसतं. अशा सिनेमावर पैसे लावायचे की नाही, हे वितरकाला घरी बसून लिंकवर कळत नाही. तीनशे अनोळखी माणसं अंधारात एकाच क्षणी दचकली, तर मात्र लगेच कळतं. भयपटासाठी फेस्टिव्हलचा पहिला प्रेक्षक हीच परीक्षा असते आणि निकालही तोच देतो. म्हणून तिथं बसणाऱ्या प्रत्येकाच्या दचकण्याला किंमत आहे, अगदी वेल्ह्याहून आलेल्याच्याही.

हे ओळखून मोठ्या फेस्टिव्हलनी वेगळे विभाग काढले. टोरांटोत १९८८ पासून 'मिडनाइट मॅडनेस' हा विभाग आहे. सनडान्समध्ये 'मिडनाइट' आहे. काही फेस्टिव्हल तर भयपट आणि फँटसीलाच वाहिलेले आहेत. स्पेनमधला सिचेस १९६८ पासून, दक्षिण कोरियातला बुचॉन १९९७ पासून आणि अमेरिकेतल्या ऑस्टिनचा फँटॅस्टिक फेस्ट २००५ पासून चालू आहे.

आपल्या शेजारच्या वाड्याची गोष्ट : 'तुंबाड'

लांबची उदाहरणं राहू द्या. भोरला लागूनच पुरंदर तालुका आहे. तिथल्या सासवडचा सरदार पुरंदऱ्यांचा वाडा तुम्ही पाहिला असेल. न पाहता सुद्धा पाहिला असेल, कारण 'तुंबाड'मधला वाडा तोच.

राही अनिल बर्वे या दिग्दर्शकाला ही कल्पना सुचली ती १९९३ मध्ये. नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्याला नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि ती डोक्यात घर करून बसली. धारप (१९२५–२००८) म्हणजे मराठी भयकथेतलं सगळ्यात मोठं नाव. सिनेमाचं नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतलंय. इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. सिनेमाची गोष्ट त्या कादंबरीची नाही, फक्त नाव तिथलं आहे.

शूटिंग २०१२ मध्ये सुरू झालं. मग पटकथा बदलली, बराच भाग पुन्हा शूट केला गेला. सिनेमा पडद्यावर यायला २०१८ उजाडलं. आणि तो सगळ्यात आधी दाखवला गेला तो मुंबईत नाही, पुण्यात नाही, तर इटलीतल्या व्हेनिसमध्ये. तिथल्या क्रिटिक्स वीकची सुरुवात 'तुंबाड'नं झाली. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय सिनेमा. त्यानंतर तो फँटॅस्टिक फेस्ट आणि सिचेसलाही गेला. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो भारतात रिलीज झाला.

पहिल्या रिलीजला धंदा बेताचाच झाला. पण ज्यांनी पाहिला ते सांगत राहिले. तोंडोतोंडी नाव वाढत गेलं आणि १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरमध्ये लागला. या वेळी त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली.

म्हणजे सासवडच्या वाड्यातलं भय सासवडच्या लोकांच्या आधी व्हेनिसच्या लोकांनी पाहिलं. यात कुणाची चूक नाही, सिनेमाचा प्रवासच तसा असतो. पण तो प्रवास माहीत असेल तर वाटेत कुठं गाठायचं, हे ठरवता येतं.

मराठी भयपट नेमका कशाला घाबरतो?

फेस्टिव्हलला जाण्याआधी आपल्याकडे काय झालंय, याची थोडी उजळणी हवी. कारण नवा सिनेमा नवा कशामुळे आहे, हे जुनं माहीत असलं की कळतं.

बराच काळ मराठीत भुताची गाठ विनोदाशी मारलेली होती. 'एक डाव भुताचा' (१९८२), 'झपाटलेला' (१९९३), 'पछाडलेला' (२००४) ही सगळ्यांची पाठ असलेली नावं. तात्या विंचूला घाबरलेली पिढी आज त्याचे मीम शेअर करते. जतिन वागळे यांचा 'चकवा' (२००४) मात्र वेगळ्या वाटेनं गेला. चकवा म्हणजे काय, हे भोर-वेल्ह्यात समजावून सांगावं लागत नाही. रात्री ओळखीच्या रानात वाट चुकते आणि माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, त्याला चकवा लागला असं म्हणतात.

मग आला विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७). एक गरोदर बाई आणि तिचा नवरा उसाच्या शेतातल्या एका एकाकी घरात येऊन लपतात. पुढे भुतं येतात, पण खरं भय असतं ते मुलगी नको म्हणणाऱ्या जिवंत माणसांचं. याच दिग्दर्शकानं त्याचा हिंदी रिमेक केला, 'छोरी' (२०२१). आदित्य सरपोतदार यांनी 'झोंबिवली'त (२०२२) झोंबी डोंबिवलीत आणले आणि त्याच्या आडून इमारत विरुद्ध झोपडपट्टी हा पाण्याचा प्रश्न मांडला. त्यांचाच 'मुंज्या' (२०२४) हिंदीत आला, पण भूत अस्सल कोकणातलं.

यातून एक गोष्ट लक्षात येते. चांगल्या भयपटात भूत हे निमित्त असतं. 'तुंबाड'मध्ये ते हावेचं निमित्त आहे, 'लपाछपी'त स्त्रीभ्रूणहत्येचं. फेस्टिव्हलमध्ये निवडले जाणारे भयपट बहुतेक याच जातीचे असतात. म्हणून तिथं जाताना 'किती वेळा दचकलो' हा एकच मीटर घेऊन गेलात, तर निराशा होऊ शकते. 'हा सिनेमा कशाला घाबरतोय?' हा प्रश्न सोबत ठेवा. भास्कर हजारिका यांचा 'कोथानोदी' (२०१५) हा आसामी सिनेमा असाच. तो आजीच्या गोष्टींवर, म्हणजे आसामी लोककथांवर बेतलाय आणि दक्षिण कोरियातल्या बुसान फेस्टिव्हलमध्ये पोचला. साती आसरा, वेताळ, मुंजा, समंध, हडळ हे सगळं ज्या भागात आजही बोलण्यात आहे, तिथल्या प्रेक्षकाला असे सिनेमे जास्तच कळतात.

शॉर्टफिल्म कशाला पाहायच्या?

फेस्टिव्हलला नवखे असणारे लोक शॉर्टफिल्मचा खेळ सोडून चहा प्यायला जातात. भयपटाच्या बाबतीत ही चूक करू नका.

भीती ताणून धरणं कठीण असतं. दोन तासांच्या सिनेमात कधीतरी भूत दाखवावं लागतं आणि दिसलेलं भूत निम्मं भयानक राहतं. दहा मिनिटांच्या फिल्मला ते दाखवायची गरजच नसते. एक खोली, एक माणूस, एक आवाज, बास. डेव्हिड सँडबर्ग यांची 'लाइट्स आउट' (२०१३) ही फिल्म तर जेमतेम अडीच-तीन मिनिटांची आहे. दिवा बंद केला की एक आकृती दिसते, लावला की नाही, एवढीच कल्पना. त्यावरून २०१६ मध्ये पूर्ण लांबीचा सिनेमा झाला. 'मामा', 'सॉ' आणि 'द बाबाडूक' यांच्याही आधी त्याच दिग्दर्शकांच्या शॉर्टफिल्म होत्या. 'तुंबाड'च्या बर्वेंनीही आधी 'मांजा' ही छोटी फिल्म केली होती.

म्हणजे शॉर्टफिल्मच्या खेळात तुम्ही पुढच्या पाच-सात वर्षांतले दिग्दर्शक आधीच पाहत असता.

या फिल्म एकेक करून दाखवत नाहीत. पाच-सहा किंवा जास्त फिल्म एकत्र करून तास-दीड तासाचा एक खेळ लावतात. सगळ्या चांगल्या असतील असं नाही. दोन जमतात, दोन बऱ्या असतात, एखादी फसते. पण फसलेली संपायला दहाच मिनिटं लागतात. नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून प्रत्येक फिल्म संपल्यावर श्रेयनामावली चालू असतानाच वहीत एक ओळ लिहून ठेवा. वहीच घ्या. अंधारात फोन काढलात, तर मागच्या रांगेतल्या सगळ्यांचा खेळ बिघडतो.

जवळचे फेस्टिव्हल कोणते?

*पिफ :* पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००२ मध्ये सुरू झाला. पुणे फिल्म फाउंडेशन तो भरवतं, राज्य शासनाचा त्यात सहभाग आहे आणि डॉ. जब्बार पटेल त्याचे संचालक आहेत. तो साधारणपणे जानेवारीत असतो. मराठी सिनेमांची वेगळी स्पर्धा असते आणि तिथला मुख्य पुरस्कार संत तुकारामांच्या नावानं दिला जातो. भोर-वेल्ह्याला सगळ्यात सोयीचा हाच.

*मुंबई फिल्म फेस्टिव्हल :* याला लोक 'मामि' म्हणूनच ओळखतात. भयपट आणि त्याच्या जवळच्या सिनेमांसाठी इथं 'आफ्टर डार्क' नावाचा विभाग केला गेला होता.

*वेंच फिल्म फेस्टिव्हल :* मुंबईतला, सपना भवनानी यांनी २०२१ मध्ये सुरू केलेला. भयपट, विज्ञानपट आणि फँटसी हाच त्याचा विषय आणि भर स्त्रिया व क्वीअर दिग्दर्शकांच्या कामावर. शॉर्टफिल्म पाहायच्या असतील तर यावर लक्ष ठेवा.

*इफ्फी :* भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात, पणजीला भरतो. महिना नोव्हेंबर. सिनेमांची संख्या इतकी मोठी की भयपट शोधून काढावे लागतात, पण सापडतात.

तारखा आणि ठिकाणं दर वर्षी बदलतात, एखाद्या वर्षी फेस्टिव्हल होतही नाही. त्यामुळे फॉरवर्ड झालेल्या पोस्टरवर विसंबू नका. त्या-त्या फेस्टिव्हलच्या अधिकृत वेबसाइटवरच खात्री करा.

तिकीट नाही, पास का? आणि वयाची अट कशासाठी?

फेस्टिव्हलमध्ये साधारणपणे एकेका सिनेमाचं तिकीट मिळत नाही. आधी नाव नोंदवून प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट व्हावं लागतं आणि मग पास मिळतो. यामागे कारण आहे.

थिएटरमध्ये लागणाऱ्या प्रत्येक सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. फेस्टिव्हलमधल्या बऱ्याच सिनेमांकडे ते नसतं. केंद्राचं माहिती आणि प्रसारण मंत्रालय फेस्टिव्हलला त्यापुरती सूट देतं. ही सूट आम जनतेसाठीच्या धंदेवाईक खेळाला नसते. नोंदणी केलेल्या प्रेक्षकांसाठीच्या खेळाला असते. म्हणून हा पासचा खटाटोप.

याचा प्रेक्षकाला फायदा असा, की सिनेमा काटछाट न होता दिसतो. पण त्यामुळेच बहुतेक ठिकाणी १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो. पोरांना घेऊन जायचा बेत असेल तर आधी नियम वाचा. पुण्यात पोचून गेटवर वाद घालण्यात अर्थ नाही. आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र जवळ ठेवा. विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठांना पासमध्ये बऱ्याचदा सवलत असते. कॉलेजचं ओळखपत्र तेव्हा कामाला येतं.

अजून एक गोष्ट. पास म्हणजे खुर्ची नक्की, असं नाही. बऱ्याच ठिकाणी आधी येईल त्याला आधी प्रवेश असतो. ज्या भयपटाची चर्चा आहे, त्याच्या रांगेत अर्धा-पाऊण तास आधी उभं राहायची तयारी ठेवा.

वेळापत्रकात भयपट ओळखायचा कसा?

फेस्टिव्हलच्या यादीत प्रत्येक वेळी 'भयपट' अशी पाटी लावलेली नसते. मग या खुणा पाहा :

• रात्रीचा शेवटचा खेळ किंवा 'मिडनाइट', 'डार्क', 'जॉनर' असे शब्द असलेला विभाग.

• कथासारात 'विचित्र घटना', 'जुनं घर', 'आजीच्या मृत्यूनंतर', 'गावातलं गुपित' असे शब्द.

• सिनेमा याआधी सिचेस, फँटॅस्टिक फेस्ट, बुचॉन किंवा टोरांटोच्या 'मिडनाइट मॅडनेस'ला जाऊन आल्याचा उल्लेख.

• हिंसा, रक्तपात किंवा वेगानं लुकलुकणाऱ्या प्रकाशाबद्दलची सूचना.

कथासार वाचा, पण ट्रेलर शक्यतो टाळा. भयपटाच्या ट्रेलरमध्ये सिनेमातले निम्मे धक्के आधीच वापरलेले असतात.

शेवटची खूण गमतीनं घेऊ नका. ज्यांना लुकलुकत्या प्रकाशानं फेफरं येतं, त्यांच्यासाठी अशी सूचना म्हणजे आरोग्याचा प्रश्न असतो. आणि सिनेमा सहन होत नसेल, तर उठून बाहेर जाण्यात कसलाही कमीपणा नाही. टोरांटोत 'रॉ' या फ्रेंच सिनेमाच्या खेळाला प्रेक्षकांना चक्कर आली आणि रुग्णवाहिका बोलवावी लागली होती. सहनशक्तीची स्पर्धा लावायला आपण तिथं जात नाही.

थिएटरमध्ये गेल्यावर

भयपट डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त पाहिला जातो. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. म्हणून मधल्या रांगेत, मधोमध जागा धरा. तिथं चारही बाजूंचा आवाज नीट पोचतो. 'तुंबाड'ला फिल्मफेअरमध्ये जे तीन पुरस्कार मिळाले, त्यात छायाचित्रण आणि कलादिग्दर्शनासोबत साउंड डिझाइनचाही होता. ओटीटीवर फोनच्या स्पीकरवर त्यातला पाऊस ऐकला असेल, तर अजून तो ऐकलाच नाही असं समजा.

परदेशी सिनेमांना इंग्रजी सबटायटल असतात. इंग्रजी वाचायचा वेग कमी असला तरी भयपटात फार अडत नाही, कारण यात संवाद कमी आणि शांतता जास्त असते. पहिली दहा मिनिटं मात्र चुकवू नका. घराचा नकाशा, माणसांची नाती आणि 'तिकडे जायचं नाही' हा नियम तेवढ्यातच सांगून होतो. उशिरा येणाऱ्यांना काही ठिकाणी आत सोडतही नाहीत.

घाबरल्यावर हसू येणं स्वाभाविक आहे. दचकल्यावर सगळं थिएटर हसतं, त्यात मजाच आहे. पण शांत प्रसंगात मोठ्यानं कॉमेंट टाकून हशा मिळवायचा मोह आवरा. दिग्दर्शक बऱ्याचदा त्याच थिएटरात मागे उभा असतो आणि दोन-तीन वर्षांच्या मेहनतीचा निकाल तो तुमच्या श्वासांवरून लावत असतो.

खेळानंतर प्रश्नोत्तरं असतील तर थांबा. 'भूत खरं असतं का?' हा प्रश्न त्याला आधीच पन्नास वेळा विचारून झालाय. त्यापेक्षा 'तो आवाज कशाचा केला?', 'हा वाडा कुठला?', 'शेवट आधीपासून हाच होता का?' असं विचारा. शॉर्टफिल्म बनवायची इच्छा असेल, तर 'किती दिवसांत आणि किती जणांत केली?' हे नक्की विचारा. फेस्टिव्हलच्या पासात जी शाळा मिळते, ती हीच.

रात्री परत कसं यायचं?

भोर-वेल्ह्याच्या प्रेक्षकाला पडद्यावरच्या भुतापेक्षा चुकलेल्या शेवटच्या एसटीची भीती जास्त, हे खरंच आहे. भयपट रात्री उशिरा असतात आणि स्वारगेटहून भोरकडे, वेल्ह्याकडे जाणाऱ्या गाड्या रात्री कमी होत जातात. म्हणून आधी शेवटच्या गाडीची वेळ डेपोत विचारा आणि मग सिनेमे निवडा.

बऱ्याच फेस्टिव्हलमध्ये गाजलेल्या सिनेमाचा दुसरा खेळ दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी असतो. तो धरा. सकाळी दहाचा भयपटही अंधार झाल्यावर तेवढाच लागतो. चार-पाच जण मिळून एक गाडी केली तर सगळ्यात बरं, परतताना चर्चाही होते. दुचाकीवर असाल, तर रात्री पाबे घाटातून वेल्ह्याला जाण्याऐवजी हायवेनं नसरापूरमार्गे जा. कारण भुताचं नाही, झोपेचं आणि वळणांचं आहे. भोरकरांना कापूरहोळचा फाटा आहेच. पुण्यात नातेवाईक असतील तर एक मुक्काम टाकून दोन दिवसांत सात-आठ सिनेमे होतात.

फोनवर काय टाकायचं, काय नाही?

पडद्याचा व्हिडिओ काढू नका, पाच सेकंदांचाही नाही. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. आता परवानगीशिवाय सिनेमाचं रेकॉर्डिंग केलं, तर तीन महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आणि किमान ३ लाख रुपये दंड होऊ शकतो. दंडाची कमाल मर्यादा सिनेमाच्या निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाते. 'स्टोरीच टाकली होती' हे उत्तर चालत नाही.

मग टाकायचं काय? पोस्टरसोबतचा फोटो, रांगेचा फोटो, दिग्दर्शकाची परवानगी घेऊन त्याच्यासोबतचा फोटो. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे दोन-चार ओळींचं प्रामाणिक मत. सिनेमा कशाबद्दल आहे, कुणाला आवडेल, कुणी टाळावा. भूत कोण, कुठून येतं, शेवटी कोण वाचतं, हे लिहू नका. ज्या छोट्या सिनेमाकडे जाहिरातीला पैसे नसतात, त्याची पहिली जाहिरात म्हणजे अशी पोस्ट. 'तुंबाड' सहा वर्षांनी परत आला, तो अशा सांगण्यामुळेच.

'हॉन्टेड' रील्सचं काय?

भयपट पाहून आल्यावर कुणाला तरी वाटतं, आपणही वरंध घाटात किंवा एखाद्या पडक्या वाड्यात जाऊन 'महाराष्ट्रातली सर्वात हॉन्टेड जागा' असं रील करावं. इथं थांबून विचार करायला हवा.

सिनेमातलं भूत प्रमाणपत्र आणि पोस्टर घेऊन येतं. हे खोटं आहे, हा करार प्रेक्षकाला मान्य असतो. रीलमध्ये तो करार नसतो. नाव खऱ्या गावाचं असतं, घर खऱ्या माणसाचं असतं. त्या वाटेनं शाळेत जाणारी पोरं असतात आणि एखाद्या घरातल्या एकट्या म्हातारीकडे बोट दाखवलं जाऊ शकतं. भुताच्या नावाखाली माणसांना मारहाण झाल्याच्या घटना महाराष्ट्राला नव्या नाहीत.

म्हणूनच राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. यासाठी वर्षानुवर्षं झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हे या कायद्यानं गुन्हे आहेत. भयपट बनवण्यावर किंवा पाहण्यावर कायदा बंदी घालत नाही. भुतावर विश्वास नसलेल्या माणसालाही भयपट आवडू शकतो, किंबहुना जास्तच आवडतो.

तेव्हा गोष्ट सांगायची असेल तर गोष्ट म्हणूनच सांगा. आजीकडून ऐकलेला चकव्याचा किस्सा घ्या, गावाचं नाव बदला, पात्रं नवी करा आणि त्याची शॉर्टफिल्म करा. रीलचं आयुष्य दोन दिवसांचं, फिल्म फेस्टिव्हलला पाठवता येते.

असे खेळ भोर किंवा वेल्ह्यातच करता येतील का?

येतील, फक्त रीतसर करायला हवेत. घरच्या ओटीटी खात्यावरचा सिनेमा सभागृहात प्रोजेक्टरवर लावून लोकांना दाखवणं चालत नाही. ते खातं घरगुती वापरापुरतं असतं. सार्वजनिक खेळासाठी हक्क ज्याच्याकडे आहेत, त्याची लेखी परवानगी लागते.

शॉर्टफिल्मच्या बाबतीत हे सोपं जातं. बऱ्याच तरुण दिग्दर्शकांना प्रेक्षक हवाच असतो. फेस्टिव्हलमध्ये भेट झाली की मेल पत्ता घ्या आणि सरळ विचारा. नियमित खेळ करायचे असतील, तर फिल्म सोसायटीचा मार्ग आहे. देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ मध्ये स्थापन झाला आणि सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष होते. कॉलेज, वाचनालय किंवा तरुण मंडळ यांच्यापैकी कुणीही पुढाकार घेतला, की एक पांढरा पडदा, बरा स्पीकर आणि चाळीस खुर्च्यांत काम सुरू होतं. खेळ कुठल्या वयासाठी आहे, हे मात्र बोर्डावर ठळक लिहा आणि सिनेमाला प्रमाणपत्र नसेल, तर काय करावं लागेल ते आधी विचारून घ्या.

थोडक्यात लक्षात ठेवायच्या गोष्टी

• डिसेंबरपासून पिफच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा, नोंदणी सुरू झाली की लगेच करा.

• पास काढण्याआधी वयाची अट वाचा, ओळखपत्र सोबत ठेवा.

• दर दोन मोठ्या सिनेमांमागे शॉर्टफिल्मचा एक खेळ पाहा.

• शेवटच्या एसटीची वेळ आधी, सिनेमाची निवड नंतर.

• खेळ चालू असताना फोन बंद, वही उघडी.

• पोस्ट नक्की टाका, शेवट सांगू नका.

आणि पुढच्या उन्हाळ्यात भाटघरचं पाणी उतरल्यावर कांबरेश्वराचं मंदिर पाहायला जाल, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. धरणाखाली गेलेल्या शेतांच्या आणि घरांच्या आठवणी त्यांच्याकडे आहेत. त्यावर कुणी सिनेमा केला, तर त्याला भूत शोधायला लांब जावं लागणार नाही.